आम्ही बांगाली, पण बाङाल नाही!

पाटावरवंटा
रविवार, रात्री १०.१५

आजचीच गोष्ट. शेजारच्या बौदींची वाटी परत द्यायला गेलो होतो. (बौदी म्हणजे वहिनी. चार वर्षांपूर्वी त्या राहायला आल्या तेव्हापासून अख्खा मजला त्यांना बौदीच म्हणतो, खरं नाव आता टपालवाल्यालाच ठाऊक असेल.) वाटी रिकामी देऊ नये म्हणून हिने चार अळूवड्या घातल्या होत्या. बौदी ओट्याशी उभ्या राहून चणाडाळीत नारळाचे काप टाकत होत्या, वर चमचाभर साखरही पडली. मला कुठूनतरी एक शब्द सापडला होता, तो मिरवायची खुमखुमी आली. म्हटलं, "बौदी, बाङाल लोकांना डाळ गोड लागते वाटतं?"

चमचा हवेतच थांबला.

"दादा, आम्ही बांगाली. बाङाल नाही. आम्ही घोटी, हुगळीचे. बाङाल डाळीत साखर नाही घालत, मिरची घालतात." हसल्या, पण ते हसू कसं होतं सांगू? सदाशिव पेठेतल्या माणसाला "तुम्ही नागपूरचे ना?" असं विचारल्यावर येतं तसं.

मी समजत होतो की बाङाल हा बंगालीचाच घरगुती, अस्सल उच्चार. मराठीचं मऱ्हाटी करावं तसा. घरी येऊन डोकं खाजवत बसलोय. बंगालमध्ये राहतो तो बंगाली, इतका साधा हिशोब. मग माणूस बंगाली असूनही बाङाल नसतो म्हणजे काय? आणि हे नाव मुळात आलं कुठून? जाणकारांनी उजेड पाडावा.

(ङ मुद्दाम लिहिलाय. वाङ्मय सोडून आणखी कुठे तरी बिचाऱ्याला काम मिळालं.)

चाफेकळी
रविवार, रात्री १०.४०

रोचक. खुर्ची पुढे ओढून बसले आहे.

डब्याआधी पोचा
रविवार, रात्री १०.५२

आम्हाला एकच बंगाली माहीत. लोकलच्या डब्यात चिकटवलेला. सौतन से छुटकारा, किया-कराया, चोवीस तासांत गॅरंटी. तो घोटी की बाङाल, तेवढं कुणीतरी विचारून सांगा.

घोटीची सून
रविवार, रात्री ११.३०

माहेर सातारा, सासर हावडा, लग्नाला बावीस वर्षं. त्यामुळे या विषयावर बोलायचा मला वैधानिक अधिकार आहे. :)

थोडक्यात, घोटी म्हणजे पश्चिम बंगालचे मूळचे, हुगळी-हावडा-बर्धमान-कोलकाता पट्ट्यातले. बाङाल म्हणजे पद्मा नदीपलीकडचे, ढाका-बरिशाल-मैमनसिंहकडचे, आणि १९४७ नंतर तिकडून आलेल्यांची मुलं-नातवंडं. माझ्या जाऊबाई कोलकात्यात जन्मल्या, त्यांची आई कोलकात्यात जन्मली, तरी त्या बाङालच. "देशेर बाडी कोथाय?" म्हणजे "मूळ घर कुठलं?" असं विचारलं की बरिशाल सांगतात. बरिशाल त्यांनी नकाशातच पाहिलंय.

दोघांना ओळखायचं कसं? मासा आणि क्रियापद. घोटी 'खेलुम, गेलुम' म्हणतो, बाङाल 'खामु, जामु'. घोटीला कोळंबी, बाङालला हिलसा. मोहनबागान (१८८९) घोटींचा क्लब, ईस्ट बेंगाल (१९२०) बाङालांचा. मॅच कुणी जिंकली हे आमच्या मासळीबाजारात भावावरून कळतं अशी जुनी थट्टा आहे. सरस्वतीपूजेला बाङाल घरात हिलशाची जोडी येते. एकीला सुपारीएवढं कुंकू लावून, दुर्वा वाहून आत घेतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आपली गौराई आठवली. जाऊबाईंची शुटकी शिजायला लागली की सासूबाई खिडक्या लावतात. शुटकी म्हणजे आपली सुकट. साताऱ्याच्या बाईला सुकटीचं काय कौतुक, पण मी दोन्हीकडे जेवते.

आता तुमच्या बौदींचा चमचा का थांबला ते. बाङाल हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या शिवी म्हणून वापरलाय. गावंढळ, अडाणी, बोली धड नसलेला. एक प्रसिद्ध टवाळखोर गाणं आहे, त्यात बाङाल माणूस नव्हेच, उडी मारून झाडावर चढणारा प्राणी आहे, फक्त शेपूट तेवढी नाही. आणि वाक्प्रचार आहे, 'बाङालके हायकोर्ट देखानो'. बाङालला हायकोर्ट दाखवणं. म्हणजे पूर्वेकडून पहिल्यांदा कोलकात्यात उतरलेल्या माणसाला मोठी इमारत दाखवून गुंडाळणं. आपण 'शेंडी लावणं' म्हणतो ते.

फाळणीनंतर चित्र पालटलं. सियालदा स्टेशनच्या फलाटावर संसार मांडलेल्यांनी जादवपूरकडे वसाहती उभ्या केल्या, पोरं शिकवली, आणि शिवी छातीवर लावून हिंडायला लागले. ढाक्याच्या भानू बंद्योपाध्यायांनी बाङाल बोलीत सिनेमे गाजवले. आज जाऊबाई "आमि बाङाल" म्हणतात ती घोषणाच असते. पण घोटीला चुकून बाङाल म्हणालात तर अजूनही चमचा थांबतो.

मोडीवाला
सोमवार, सकाळी ७.०५

सूनबाईंनी आजचं सांगितलं, मी जुनं सांगतो. चहा घेऊन बसा.

मूळ शब्द वंग. बंगालीत व आणि ब यांचा उच्चार आणि अक्षर एकच, म्हणून त्यांच्याकडे बंग. आपण मात्र व जपून ठेवलाय. १९०५ च्या फाळणीला जुनी मराठी माणसं वंगभंगच म्हणत. महाभारतातली कथा अशी की बळिराजाला मूल नव्हतं, त्याने आंधळ्या दीर्घतमस ऋषीला राणी सुदेष्णेकडे पाठवलं, आणि अंग, वंग, कलिंग, पुंड्र, सुह्म असे पाच मुलगे झाले. पाच मुलगे म्हणजे पाच देश. पूर्वेकडच्या शेजाऱ्यांना एका वंशावळीत बसवायची ही नेहमीची पद्धत. त्यांच्याबद्दलचं खरं मत बौधायनाच्या धर्मसूत्रात दिसतं. पुंड्र, वंग, कलिंग अशा देशांत जाऊन आलात तर शुद्धीसाठी यज्ञ करा!

लक्षात घ्या, वंग म्हणजे आजचा सगळा बंगाल नव्हे. तो पूर्व-दक्षिणेचा, नद्यांच्या जाळ्यातला भाग. पश्चिमेला सुह्म आणि राढ, उत्तरेला पुंड्र आणि वरेंद्र, मुर्शिदाबाद-मालदाकडे गौड. घोटी-बाङाल वाद कालिदासालाही ठाऊक होता म्हणा ना. रघुवंशाच्या चौथ्या सर्गात रघू पूर्वेला येतो तेव्हा सुह्म लोक 'वैतसी वृत्ती' धरतात, वेतासारखे वाकतात आणि वाचतात. महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळे वाचती. वंग वाकत नाहीत, होड्या घेऊन लढायला उभे राहतात. रघू त्यांना उखडतो आणि गंगेच्या प्रवाहांमधल्या बेटांवर जयस्तंभ रोवतो. पुढच्याच श्लोकात उपमा येते ती अशी, की उपटून पुन्हा लावलेल्या भाताच्या रोपांसारखे ते पायाशी वाकले आणि त्याला भरभरून फळ देते झाले. भाताची लावणी पाहिलेल्या माणसाचीच ही उपमा.

आता वंगाचा वंगाल केव्हा झाला? इथे गंमत आहे. 'वंगाल' हे रूप कोरीव लेखात सगळ्यात आधी सापडतं ते बंगालमध्ये नाही. राष्ट्रकूट राजा गोविंद तिसरा याच्या इ.स. ८०५ च्या ताम्रपटात सापडतं. त्यात पालवंशी धर्मपालाला वंगालचा राजा म्हटलंय. आणि तो ताम्रपट नेसरीचा.

गडहिंग्लजकर
सोमवार, सकाळी ७.४८

नेसरी??? कुठली नेसरी?

मोडीवाला
सोमवार, सकाळी ७.५५

तुमचीच. गडहिंग्लज तालुका, जिल्हा कोल्हापूर.

गडहिंग्लजकर
सोमवार, सकाळी ८.२०

ऑफिसला निघालो होतो, बूट घालून परत बसलो. अहो, नेसरीला आमचं आजोळ. नेसरी म्हणजे प्रतापराव गुजर आणि ते सहा जण, फेब्रुवारी १६७४, एवढंच आम्हाला माहीत. शाळेत असताना दर वर्षी खिंडीत जायचो, हाताला लागेल तो दगड घेऊन बहलोलखानाला मारत परत यायचो. एसटी स्टँडवर कुणी बंगाली मिठाईवाला भेटला तर आता त्याला सांगायला पाहिजे, बाबा रे, तुझ्या नावाचा जुन्यात जुना दाखला आमच्या गावात निघाला.

पण एक शंका. राष्ट्रकूट दख्खनचे, पाल गंगेकाठचे. त्यांचं नाव आपल्याकडच्या पत्र्यावर कसं?

मोडीवाला
सोमवार, दुपारी १.१०

कनौजसाठी तेव्हा तिघांची ओढाताण चालली होती. पाल, प्रतिहार आणि राष्ट्रकूट. गोविंद तिसरा उत्तरेत घुसला तेव्हा धर्मपाल आणि त्याने कनौजला बसवलेला चक्रायुध आपणहून शरण आले, असं राष्ट्रकूटांचे लेख सांगतात. दान देताना आधी राजाची फुशारकी लिहायची ही ताम्रपटांची रीत. दान गावच्या ब्राह्मणाला, यादी जिंकलेल्या राजांची. फुशारकीमुळे का होईना, शब्द टिकला.

पुढचा मोठा उल्लेखही दक्षिणेतलाच. राजेंद्र चोळाचा तिरुमलैचा लेख, साधारण इ.स. १०२४. त्यात दक्षिण राढ वेगळा, उत्तर राढ वेगळा, आणि वंगालदेश वेगळा. 'जिथे पाऊस कधी थांबत नाही' तो वंगालदेश, आणि तिथला राजा गोविंदचंद्र हत्तीवरून उतरून पळाला. म्हणजे अकराव्या शतकातही हुगळीकडचा माणूस वंगालमध्ये मोडत नव्हता. आज तुमच्या बौदी म्हणतात तेच. इतिहासकार रमेशचंद्र मजुमदारांचं म्हणणं असं होतं की वंग आणि वंगाल हे जुन्या काळी दोन निराळे देश, सगळ्या प्रांताला पुढे जे नाव पडलं ते या वंगालवरून, आणि पूर्वेकडच्या लोकांना बाङाल म्हणतात ती त्याच जुन्या देशाची आठवण.

खारबंदिस्ती
सोमवार, दुपारी ३.३०

मी अलिबागकडचा, चार पिढ्या खारीत भात करतो. मागे वाचलं होतं की अकबराच्या दरबारातला अबुल फझल याने बंगालची फोड 'बंग + आल' अशी दिली आहे. तिथले जुने राजे सखल भागात दहा गज उंच आणि वीस गज रुंद बांध घालायचे, त्या बांधाला 'आल' म्हणायचे. बंगालीत शेताच्या बांधाला अजून आल म्हणतात ना? आपण माडाच्या बुंध्याशी आळं करतो, तोही त्यातलाच शब्द असणार.

मला तरी हे पटतं. भरतीचं पाणी थोपवल्याशिवाय खाडीकाठी माणूस राहूच शकत नाही. आमच्याकडे बांध फुटला, उघाडी (पाणी सोडायचं बांधातलं दार) तुटली की तीन वर्षं जमीन गेली. गावाचं नाव बांधावरून पडेल नाहीतर कशावरून पडेल? पुस्तकी लोकांनी एकदा गुडघाभर चिखलात उतरून बघावं.

मोडीवाला
सोमवार, सायंकाळी ६.१५

खारबंदिस्तीदादा, चिखलाबद्दल तुमच्याशी वाद नाही. पण अबुल फझल सोळाव्या शतकाच्या शेवटी लिहितोय. शब्द त्याच्या आठशे वर्षं आधी ताम्रपटात आहे. चालू बोलीतला शब्द घेऊन जुन्या नावाला चिकटवायचा हा खेळ सगळीकडे चालतो. त्याच्याहून पुढचा नमुना हवा असेल तर १७८८ चा रियाझ-उस-सलातीन हा बंगालचा फारसी इतिहास घ्या. त्यात नोहाचा मुलगा हाम, त्याचा हिंद, आणि हिंदचा मुलगा बंग! म्हणजे सुदेष्णेचा वंग गेला आणि नोहाचा पणतू आला. पद्धत तीच.

मला 'आल' हा साधा प्रत्यय वाटतो. आपण रस-रसाळ, मध-मधाळ, केस-केसाळ म्हणतो तसा. वंगातला, वंगाकडचा तो वंगाल. यात राजा नाही, बांध नाही, म्हणून गोष्ट सांगायला मजा येत नाही, एवढाच त्याचा दोष.

आणि मूळ 'वंग' कुठून? कुणी संथाळी 'बोंगा' म्हणजे देव-भूत याच्याशी जोडतं, कुणी एखाद्या द्राविडी टोळीशी. हे सगळे तर्कच. संस्कृतात वंग म्हणजे कथील, म्हणून वैद्याकडचं वंगभस्म. कापूस असाही अर्थ कोशात मिळतो. धातूवरून देश की देशावरून धातू, यावर भांडायचं तर नवा धागा काढा.

खारबंदिस्ती
सोमवार, सायंकाळी ७.००

रसाळ ठीक आहे. पण वंगाल म्हणजे 'पाऊस न थांबणारा देश' हे तुम्हीच वर लिहिलंत. बांधाशिवाय कसे राहत होते ते सांगा, मग मी माघार घेतो.

चाफेकळी
सोमवार, सायंकाळी ७.१२

होड्यांत! कालिदासाने सांगितलंय. :)

पोर्तुगीज पाव
सोमवार, रात्री ९.२५

मी गोव्याचा सारस्वत. मग आमच्या 'गौड'चं काय? लहानपणापासून ऐकतोय की आम्ही गौडदेशाहून, त्रिहोत्रपुराहून आलो. मासे खातो म्हणून बंगालचे, असं आमचे एक मामा पैजेवर सांगायचे. बंगाली स्वतःला गौड म्हणत होते का?

मोडीवाला
सोमवार, रात्री १०.४५

मामांच्या पैजेत मी पडत नाही. पंचगौडांत सारस्वतही आहेत, कान्यकुब्ज, मैथिल, उत्कलही आहेत. तिथे गौड म्हणजे विंध्याच्या उत्तरेचे, इतका तो शब्द पसरलाय.

पण तुमचा दुसरा प्रश्न फार मोलाचा. होय, म्हणत होते, आणि आवडीने म्हणत होते. मानाचं नाव गौड हेच. सातव्या शतकात शशांक हा गौडाधिप, राजधानी कर्णसुवर्ण. संस्कृत काव्यशास्त्रात वैदर्भी आणि गौडी अशा दोन रीती. एक आपल्या विदर्भाच्या नावाची, सोपी आणि गोड. दुसरी त्यांची, समासांनी दणदणणारी. चैतन्यांचा संप्रदाय गौडीय. राममोहन रॉयनी बंगालीचं व्याकरण लिहिलं, ते १८३३ मध्ये छापलं गेलं, त्याचं नाव 'गौडीय व्याकरण'. बंगाली व्याकरण नव्हे! मायकेल मधुसूदन दत्त १८६१ मध्ये आपल्या महाकाव्याच्या सुरुवातीला म्हणतात की 'गौडजन' हे मध पीत राहतील. इतक्या अलीकडेपर्यंत घरातलं चांगलं नाव गौड होतं.

मग बंगाल जिंकलं कसं? त्याचं श्रेय बरंचसं सुलतानांचं. शम्सुद्दीन इलियास शहाने १३५२ च्या सुमारास लखनौती, सातगाव आणि सोनारगाव या तिन्ही गाद्या एक केल्या. सगळ्या मुलुखाला एकच नाव हवं होतं. गौड म्हटलं तर पूर्व सुटते. त्याला इतिहासकार 'शाह-ए-बंगाला' म्हणतात. त्याआधी मार्को पोलोच्या कानावर 'बंगाला' पडलं होतं, इब्न बतूता १३४६ च्या सुमारास तिथे जाऊन आला आणि खुरासानी लोक या देशाला 'सुखांनी भरलेला नरक' म्हणतात असं लिहून गेला. पुढे मोगलांचा सुभा बंगाला, पोर्तुगीजांचं बेंगाला, इंग्रजांचं बेंगॉल. आणि त्या प्रांताच्या धर्तीचं, उतरत्या छपराचं सुटं घर, ते 'बंगला'. कोथरूडात बंगला बांधून वर 'मातोश्री' लिहिणाऱ्या माणसाने शब्दशः 'बंगालचं घर' बांधलेलं असतं.

तेव्हा पाटावरवंटा, तुमचं उत्तर असं. चिखलातल्या, पावसातल्या, प्रायश्चित्त घ्यायला लावणाऱ्या पूर्वेचं नाव चढत चढत सगळ्या प्रांताचं झालं. पश्चिमेच्या लोकांनी ते नाव अंगावर घेतलं, बांगाली झाले. आणि नावाला चिकटलेला चिखल तेवढा पूर्वेकडच्यांच्या अंगावर राहू दिला. तो बाङाल.

घोटीची सून
सोमवार, रात्री ११.१५

हे नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणतो, "मोडीवालाबाबू नक्की बाङाल."

उच्चाराची चेष्टाही किती जुनी आहे बघा. 'चैतन्यभागवता'त आहे, तरुण निमाई, म्हणजे चैतन्य, सिल्हेटच्या लोकांची बोली वेडावून त्यांना सळो की पळो करून सोडतो. ते चिडून म्हणतात, अरे, तुझा बाप कुठला रे? जगन्नाथ मिश्र सिल्हेटचेच होते!

मोडीवाला
मंगळवार, सकाळी ६.५०

मी वाईचा आहे, नवरोबांना सांगा.

पूर्वेकडे श चा ह होतो, त्यावर संस्कृतात श्लोकही आहे. पाठभेद बरेच, आशय असा की पूर्वदेशच्या लोकांचा आशीर्वाद घेऊ नये, 'शतायु' म्हणायला जातात आणि 'हतायु' म्हणतात. राजशेखराने तर काव्यमीमांसेत थेट सरस्वतीलाच ब्रह्मदेवाकडे राजीनामा घेऊन पाठवलंय, की एकतर गौडाने प्राकृत गाथा म्हणणं सोडावं, नाहीतर दुसरी सरस्वती नेमा. हा राजशेखर आपल्या पणजोबांना महाराष्ट्राचा चूडामणी म्हणवतो, तेव्हा या टवाळीत आपलाही हात आहे.

बल्लारपूर पॅसेंजर
मंगळवार, सकाळी ११.३०

सगळा धागा एका दमात वाचला. मी चंद्रपूरचा. आमच्याकडे बंगाली म्हटलं की रसगुल्ला, रवींद्रसंगीत असलं काही डोळ्यांसमोर येत नाही. बंगाली कॅम्प येतो. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना साठच्या दशकात आमच्या जिल्ह्यात जमिनी दिल्या, आताच्या गडचिरोलीतल्या मुलचेरा-चामोर्शीकडेही. बहुतेक नमःशूद्र जातीचे, भात आणि मासे यांत हात बसलेले. आमच्या शाळेत बाकावर शेजारी असलेला मुलगा झाडीबोलीत भांडायचा आणि घरी बंगालीत रडायचा. त्याची आजी तळ्यात कंबरभर पाण्यात उभी राहून जाळं फेकायची. तिने कुणी घोटी जन्मात पाहिला नसेल. आणि गावातली पोरं त्यांना 'ए बंगाली' अशी हाक मारायची ती चांगल्या अर्थाने नाही. कोलकात्यात बाङाल ही शिवी, आमच्याकडे बंगाली.

मोडीवाला
मंगळवार, दुपारी २.००

तुमच्या प्रतिसादाने मला थांबवलं. एक गोष्ट राहिली होती ती इथेच बसते.

'बंगाली' हा शब्द माणसासाठी वापरलेला जुन्यात जुन्या ठिकाणांपैकी एक म्हणजे चर्यापदं. बौद्ध सिद्धांची गाणी, हरप्रसाद शास्त्रींना १९०७ मध्ये नेपाळच्या राजदरबाराच्या ग्रंथालयात पोथी सापडली, १९१६ मध्ये छापली. त्यातला भुसुकु नावाचा सिद्ध पद्मेच्या खाडीतून होडी हाकत म्हणतो, 'आजि भुसुकु बंगाली भइली, णिअ घरिणी चण्डाली लेली'. आज भुसुकु बंगाली झाला, चांडाळीण घरधनीण केली. शब्द बघा, निज घरीण, आपलेच वाटतात. गूढ अर्थ काय असेल तो असो, पण वाक्य टिकतं ते बंगाली होणं म्हणजे जातीवरून खाली उतरणं, हे ऐकणाऱ्याला ठाऊक होतं म्हणूनच.

आणि तुम्ही म्हणता ते नमःशूद्र. त्यांना सरकारदरबारी चांडाळ असंच लिहीत. १९११ च्या जनगणनेत ते नाव बदलून घेतलं त्यांनी, भांडून.

बल्लारपूर पॅसेंजर
मंगळवार, दुपारी २.४०

हे आजीच्या नातवाला पाठवतो. तो आता तलाठी आहे.

ढाका रिटर्न
मंगळवार, रात्री ८.१०

कामानिमित्त दोन वर्षं ढाक्यात होतो. तिथे हे भांडण घटनेपर्यंत गेलंय. १९७२ च्या घटनेत लिहिलं, देशाचे नागरिक 'बांगाली' म्हणून ओळखले जातील. चित्तगाँग डोंगरातले सदस्य मानवेंद्र नारायण लारमा सभागृहात उठले, मी चाकमा आहे, माझा बाप-आजा कधी स्वतःला बांगाली म्हणाला नाही, असं बोलून सभात्याग करून गेले. पुढे झिया-उर रहमान यांच्या काळात नागरिक 'बांगलादेशी' झाले. २०११ च्या दुरुस्तीत दोन्ही, राष्ट्र म्हणून बांगाली, नागरिक म्हणून बांगलादेशी. आणि तिथे कुणाला बाङाल म्हटलं तर समोरचा बघतच राहतो. ती कोलकात्याची शिवी, तिकडे नुसते बरिशाइल्ला, ढाकाइया, सिलेटी.

इकडे पश्चिम बंगालच्या विधानसभेने जुलै २०१८ मध्ये राज्याचं नाव 'बांगला' करावं असा ठराव केला, दिल्लीने अजून मान्य केलेला नाही.

आयटीतली आयटम
मंगळवार, रात्री ९.००

आणि 'बाँग'? आमच्या टीममध्ये तीन बाँग आहेत. दोघांना चालतं, तिसरी एचआरकडे जायची धमकी देते.

घोटीची सून
मंगळवार, रात्री ९.२०

तिसरीचं बरोबर आहे. त्यांच्या 'ऑ'काराची नक्कल करून बाहेरच्यांनी पाडलेलं नाव ते. माझा मुलगा स्वतःला बाँग म्हणतो, सासूबाईंसमोर नाही.

डब्याआधी पोचा
मंगळवार, रात्री ९.४५

अवांतर: ते आपल्याला काय म्हणतात?

घोटीची सून
मंगळवार, रात्री ९.५८

बर्गी! बारगीर शब्दाचं झालेलं. सरकारी घोड्यावरचा शिपाई तो बारगीर, स्वतःचा घोडा असेल तर शिलेदार, हे इथे सांगायला नको. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या, १७४१ ते १७५१. माझ्या मुलाला सासूबाईंनी पाळण्यात तेच गाणं म्हटलंय, बाळ झोपलं, आळी निजली, बर्गी आले देशात, बुलबुलींनी धान खाल्लं, आता सारा कशाचा द्यायचा? गाताना मध्येच थांबून माझ्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "तू नाही गं, तुझ्या आधीचे."

संपादक मंडळ
मंगळवार, रात्री १०.३०

बर्गींवर स्वतंत्र धागा काढावा. इथे दोन प्रतिसाद उडवले आहेत, ज्यांचे उडाले त्यांना कारण माहीत आहे.

पाटावरवंटा
बुधवार, रात्री ९.१५

सगळ्यांचे आभार, एवढं घबाड निघेल असं वाटलं नव्हतं. आज पुन्हा वाटी घेऊन गेलो (या वेळी त्यांच्या चणाडाळीची, आत साबुदाण्याची खिचडी). बौदींना सगळं सांगितलं. सुह्म वेतासारखे वाकले हे ऐकून म्हणाल्या, वाकले नाहीत, समजूतदार होते. बाङाल हेच मूळ नाव आणि बांगाली त्याच्यावरून, हे मात्र त्यांच्या घशाखाली उतरेना. नवऱ्याला आतून बोलावलं. दादा चष्मा लावून नेसरीच्या ताम्रपटाचा प्रतिसाद मोबाइलवर दोनदा वाचत बसले, "कोल्हापूर? हे चप्पलवालं कोल्हापूर?" असं एकदा विचारलं.

मग बौदी म्हणाल्या, "बघा म्हणजे. आधी आमचं नाव लिहून ठेवलंत, मग बर्गी पाठवलेत."

वाटी ठेवून घेतली आहे. रिकामी देणार नाहीत म्हणाल्या.